ठमाबाईच्या शेतातल्या खुंट्या

माझे सासरे केसरीनाथ भोईर. आमच्या गावात, कशेळीत, त्यांना आबा म्हणतात, कशेळीबाहेर केसरीशेठ. दोन्ही हाकांना ते सारख्याच आवाजात "बोल" म्हणतात, पण माणसं दोन वेगळी आहेत. आबा घरातल्या मांजरालाही ताटातली माशाची तुकडी काढून देतात. केसरीशेठनी खाडीकाठची शेतं एकेक करून जमवली आणि भाताच्या जागी गोडाऊनांचे पत्रे उभे केले. त्या धंद्यातलं त्यांचं एक ब्रीद होतं: "आदी खुंटी मारावी, मंग बोलाया बसावा." म्हणजे जागेची हद्द आधी आपणच आखून टाकायची, समोरचा दचकून धावत आला की चहा मागवायचा. या खुंटीने आपण भल्याभल्यांना सरळ केलं, असं ते अजून कौतुकाने सांगतात. मला ते कधीच आवडलं नाही, पण सासऱ्याला कोण शिकवणार?

मागे त्यांच्या छातीत कळ आली, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं की वाद नकोत, सौदे नकोत, राग तर मुळीच नको. आता या माणसातून वाद, सौदे आणि राग काढून घेतले तर मागे उरतं काय? माझ्या नवऱ्याला, कुणालला, कुणीतरी सुचवलं आणि त्याने त्यांना कॅमेरा आणून दिला, हातभर लांब भिंगाचा. आम्हाला वाटलं, आठ दिवस खेळतील आणि कपाटात टाकतील. पण आबांनी पक्ष्यांचा नाद असा काही धरला, की एके काळी सातबारा वाचायचे तशी पक्ष्यांची पुस्तकं वाचायला लागले. जाड सोलचे बूट आले, तिपाई आली, मळखाऊ रंगाची टोपी आली. शर्ट मात्र पांढराच राहिला. पांढरा शर्ट, गळ्यात चेन, पांढरी मोठी गाडी. पक्ष्यांना हे चालत असेल तर आपण का बोलावं?

रविवारी ड्रायव्हरला सुट्टी आणि कुणाल दुपारपर्यंत झोपणार, म्हणून गाडी माझ्याकडे. मला गाडी आबांनीच शिकवली. शिकवताना "दाब, दाब" म्हणून ओरडणारा हाच माणूस आता मागे बसून म्हणतो, "भाविका, गारी हलू चालव. पाखरा उरतान." अंजूरफाट्यापासून वंजारपट्टी नाक्यापर्यंत कंटेनरांच्या गर्दीत गाडी आपोआपच हळू चालते, तिथे त्यांना सांगावं लागत नाही. अनगाव सुटलं, वाड्याच्या रस्त्याला झाडं दाटली की त्यांची कुरकुर सुरू. अंबाडीहून वज्रेश्वरीकडे वळलं की मग आम्ही इतके हळू जातो, की सायकलवाले पुढे जाऊन मागे वळून बघतात. तारेवर वेडे राघू, बांधावर खंड्या, बहाव्याला पिवळे घोस. दिसलं काही की थांब. खरं सांगायचं तर मलाही त्या रविवारांची चटक लागली होती. घरी एवढा वेळ कोण कुणाशी न बोलता बसतं?

अकलोलीच्या अलीकडे, तानसा नदीच्या बाजूला एक लहान गाव लागतं. एप्रिलअखेरच्या एका रविवारी त्या गावाबाहेरच्या कापल्या शेतात आबांना टिटवीची अंडी दिसली. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर चार खडे इकडे-तिकडे करते आणि त्यात अंडी घालते, आणि अंड्यांचा रंगही ढेकळासारखाच. चार अंडी होती. आबा पोरासारखे खूश झाले. त्यांच्या पक्ष्यांच्या ग्रुपवर ठाण्याचे एक दातांचे डॉक्टर आहेत, ते आबांचे फोटो बघून नेहमी "छान प्रयत्न" एवढंच लिहितात. त्या दोन शब्दांनी आबांची झोप उडते. टिटवीचं पिल्लू अंडं फोडून बाहेर येतानाचा फोटो डॉक्टरांकडेही नव्हता.

"येत्या आयतवारापरत फुटतील," आबा म्हणाले. "पन तवर कोनचा ट्रॅक्टर फिरला तं?"

मग त्यांनी डिकी उघडली. आबा गावच्या क्रिकेट सामन्यांच्या मंडळाचे अध्यक्ष, त्यामुळे डिकीत फक्कीची गोणी, खुंट्या, हातोडी हे सगळं उन्हाळाभर असतंच. काच पुसायला लूमच्या कारखान्यातली लाल चिंधी होती. आबांनी अंड्यांपासून चांगलं अंतर ठेवून चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकल्या, त्यांना लाल चिंध्या बांधल्या, आणि ज्या हाताने ते दरवर्षी मैदानाची पिच आखतात त्याच हाताने पांढऱ्या फक्कीचा लांबट चौकोन आखला. मग चारी बाजूंनी त्या जागेचे फोटो काढले. मागे डोंगर, पुढे नदी, डावीकडे रस्ता, उजवीकडे गाव, सगळं सुरेख आलं. मी गाडीला टेकून पेरू खात होते. एका शब्दाने म्हटलं नाही की आबा, हे काय करताय. मला त्यात काही वावगं दिसलंच नाही. मीही शेवटी त्याच घरातली.

पुढच्या रविवारी उजाडताना आम्ही त्या गावाच्या वळणावर आलो, तर रस्त्यात आडवा ट्रॅक्टर. मी हॉर्न दिला. ट्रॅक्टरमागून माणसं निघाली. आधी चार-पाच, मग घराघरातून येतच राहिली. बायकाही होत्या, हातात कोयते, कारण सकाळची लाकडं तोडायची वेळ. पण त्या क्षणी मला फक्त कोयते दिसले.

"काच खाली करा," एक तरुण म्हणाला. अंगावर गोडाऊनच्या हेल्परचा निळा शर्ट, डोळे जागरणाने तांबडे. हा विपुल. त्याचं नाव मला नंतर कळलं, पण सोयीसाठी आत्ताच सांगते. मी काच खाली केली, आणि त्याने हात आत घालून चावी फिरवून काढून घेतली. इतक्या सहज, की मला ओरडायचंही सुचलं नाही.

"त्या खुंट्या तुमीच मारल्या ना? हीच गारी व्हती."

आता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. लाल चिंधीची खुंटी आणि फक्कीची रेघ. त्या पट्ट्यात नवीन रस्ता येणार, गोडाऊन येणार अशी कुजबुज कधीपासूनची. मोजणीवाले येतात ते असेच, सकाळी सकाळी, तिपाई घेऊन. खुंट्या मारून जातात, कोणाशी बोलत नाहीत, आणि काही महिन्यांनी नोटीस येते. सोमवारी सकाळी या लोकांनी गावातल्याच ठमाबाई नावाच्या म्हातारीच्या त्या शेतात पांढरा चौकोन पाहिला, तेव्हा अख्ख्या गावाचा घास घशात अडकला असणार. मला त्यांची भीती वाटत होती आणि त्यांचं पटतही होतं.

आबा दार उघडून उतरले. मी म्हणत होते उतरू नका, पण ऐकतील तर ना. आणि उतरल्या उतरल्या जे बोलू नये नेमकं तेच बोलले. "तुमाना म्हायती हाय का मी कोन हाय?"

"म्हायती हाय," विपुल म्हणाला. "केसरीशेठ. कशेळीला तुमच्याच गोडाऊनात माझी रात्रपाळी असते. तुमचा फोटो हाय ऑफिसात, हार घातलेल्या गनपतीच्या बाजूला." मग तो मागे वळून सगळ्यांना म्हणाला, "कशेळीच्या जमिनी गोला केल्या तो ह्योच."

गर्दी एक पाऊल पुढे आली. मला वाटलं, संपलं.

"अरे, मी पाखरांचे फोटू कारतो," आबा म्हणाले. "टिटवीची अंडी हायेत त्या शेतान. ती ट्रॅक्टरखाली जातील म्हून खुंट्या मारल्या."

यावर एक म्हातारा हसला. तो काही वाईट हसला नाही, पण त्याच्यामागे सगळे हसले आणि ते हसणं फार वाईट होतं. खरंच, सांगा ना. एवढी गाडी घेऊन, एवढा शेठ, कशासाठी आला? तर टिटवीसाठी. ज्या टिटवीला आपण शेतातून हाकलतो तिच्यासाठी. मी गर्दीत असते तर मीही विश्वास ठेवला नसता.

"दाखवा फोटू," विपुल म्हणाला.

आबांनी उत्साहाने कॅमेरा पुढे केला. मला माहीत होतं त्यात काय आहे. पहिला फोटो टिटवीचा. दुसरा टिटवीचा. मग शेत. शेत पूर्वेकडून. शेत रस्त्यासकट. शेत नदीसकट. गाव लांबून, कौलं मोजता येतील असं. मग खुंटी, मागे डोंगर. आबांना देखावे आवडतात, त्याला कोण काय करणार? विपुल एकेक फोटो पुढे सरकवत होता आणि त्याचा चेहरा दगडासारखा होत होता. शेवटी त्याने कॅमेरा परत दिला नाही. शेजारच्या माणसाच्या हातात दिला.

मी फोन काढला. कुणालला लावणार, एवढ्यात आबांनी माझा हात धरला.

"त्याला नको सांगू," ते हळूच म्हणाले. "त्यो चार गाऱ्या भरून पोरा घेऊन येल. मंग इथं कोनाचं तरी डोसकं फुटंल."

त्यांचा हात घामाने ओला होता आणि दुसरा हात छातीवर होता. "आबा, दुखतंय का?" मी विचारलं. ते म्हणाले, "न्हाय गो, सवय हाय." मी त्यांना चिडून म्हणाले, गोळी घ्या आधी. चिडले, कारण घाबरले होते. त्यांनी जिभेखाली गोळी ठेवली, आणि गर्दीतल्या एका बाईने न सांगता पाण्याची बाटली पुढे केली. एका हातात कोयता, एका हातात बाटली.

"चला तं मग," विपुल म्हणाला. "दाखवा अंडी. सगले येतो."

आता खरं तर एवढंच करायचं होतं. शेतात जायचं, बोट दाखवायचं, सुटायचं. पण आबा जागचे हलले नाहीत.

"सगले न्हाय," ते म्हणाले. "एवरी मानसा शेतान गेली तं एक अंडा वाचायचा न्हाय. ढेकलासारखीच दिसतान ती."

"बघितलंत?" विपुल मोठ्याने म्हणाला. "अंडी हायेतच कुठं. दाखवायाची येल आली का पाय मागं."

आबांचं नाव त्या अंड्यांवर टांगलेलं होतं. दाखवली तर सुटका, पण दाखवायला न्यावं तर पन्नास पायांखाली ती जाणार. आणि न दाखवावं तर मोजणीला आलेला खोटारडा शेठ म्हणून इथून जायचं, जाऊ दिलंच तर. माझं मत विचाराल तर, न्या सगळ्यांना, फुटली तर फुटली अंडी, टिटवी पुन्हा घालेल. मी तसं म्हणालेही. आबांनी नजरेनेच मला मागे सारलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "शेत कोनाचा हाय?"

माणसं बाजूला झाली. एक बारकीशी म्हातारी पुढे आली. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, अनवाणी पाय, हातात काहीच नाही. विपुल तिला "काकी" म्हणाला आणि आवाज आपोआप खाली आणला.

"माजा हाय शेत," ठमाबाई म्हणाली. "मी जाते याच्यासंगं. तुमी इथंच उबं ऱ्हावा."

"काकी, त्यो गोड बोलून सही घेल."

"मला सही येत न्हाय," ती म्हणाली, आणि चालायला लागली.

आम्ही तिघं शेतात गेलो. आबा पुढे, मागे ठमाबाई, तिच्यामागे मी. खुंट्या सोमवारीच उपटून टाकल्या होत्या आणि मधल्या अवकाळी सरीने फक्की धुऊन गेली होती. आबा ठाम पावलांनी निघाले, कडेच्या सागापासून अंदाज घेत, "हितंच हाय, हितंच." मग थांबले. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. सगळीकडे सारखीच धसकटं, सारखीच ढेकळं. वर टिटवी आकाश डोक्यावर घेऊन ओरडत होती, डोक्यावरून झेपा घालत होती, पण तिच्या ओरडण्यावरून जागा कळते थोडीच? ती तर मुद्दाम भलतीकडे जाऊन ओरडते.

"भाविका, हलू नको," आबा एकदम म्हणाले. "बाय, तुमी पन पाय उचलू नका."

आणि आम्ही तिघं त्या उघड्या शेतात, जिथे होतो तिथे खांबासारखी उभी राहिलो. अंडी पुढे असतील, मागे असतील, टाचेखाली असतील. माझा एक पाय ढेकळावर तिरपा पडला होता आणि पोटरीत गोळा येत होता, तरी खाली ठेवायची हिंमत होईना. रस्त्यावरून विपुल ओरडला, "काय झाला? गावली का न्हाय?"

"बसा हितंच," आबा कुजबुजले. "आपून गप बसलो का ती अंड्यांवं येल. तीच दाखवील."

तसं आम्ही जागच्या जागी खाली बसलो. ऊन वर येत होतं. रस्त्यावरची गर्दी वाढलेली दिसत होती, मोटरसायकली येऊन थांबत होत्या. ती माणसं किती वेळ धीर धरतील, हाच विचार माझ्या डोक्यात. एकाने जरी बांध ओलांडला, तर मागून सगळे येणार. टिटवी घिरट्या घालत राहिली.

मग ठमाबाई बोलली. आवाज न चढवता, समोर जमिनीकडे बघत.

"पाखरासाठी मारल्यास खुंट्या. मानलं. पन माज्या शेतान मारताना मला इचारलास का?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माजा घर त्यो बघ, वडाच्या खाली. हाक मारली असतीस तं आयकू आली असती. पाखराचा नाव घेतला असतास तं मी ट्रॅक्टर फिरवू दिला नसता. आमच्यान टिटवीचा अंडा कोनी फोडत न्हाय. ज्याच्या पायाखाली फुटंल त्याचा हात त्या साली पेरनीच्या बियान्याच्या पयल्या मुठीला लावत न्हाय. माजा मालक गेला तवापासून पयली मूठ मीच टाकते. सहा रात्री झोपले न्हाय मी. ह्या साली पेरायाला शेत ऱ्हाईल का जाईल, तुला काय म्हायती."

मला त्या वेळी आबांची कीवही आली आणि रागही आला. माणूस खोटा ठरला की भांडतो, हे मी त्यांच्याबाबतीत शंभर वेळा पाहिलंय. इथे ते खरे होते, आणि तरी भांडले नाहीत.

"न्हाय इचारला," ते शेवटी म्हणाले.

टिटवी उतरली. बरीच लांब, बांधाजवळ. मग तिच्या त्या लांब पिवळ्या पायांवर चार पावलं धावली, थांबली, मान वर केली. पुन्हा चार पावलं. ती आमच्याकडेच येत होती. माझ्या डावीकडून गेली. आबा आले त्या वाटेवर, आबा बसले होते त्याच्या थोडं मागे येऊन थांबली. तिथे ती एकदम बसली नाही. खाली वाकून काहीतरी चोचीत उचललं आणि उडाली. उन्हात ते पांढरट चमकलं. लांब नेऊन टाकलं, परत आली, पंख सावरले आणि बसली.

ठमाबाई सगळ्यात आधी उठली. आम्ही हळूच गेलो तसा पक्षी उडाला. तीन अंडी, टोकं आत करून नीट जुळवलेली. चौथ्याच्या जागी ओलसर पिवळा डाग, आणि त्या डागावर सोलची नक्षी उमटलेली, वेड्यावाकड्या दातांची. ठमाबाई अनवाणी. माझी चप्पल सपाट. तसले बूट आम्हा तिघांत एकाच्याच पायात होते.

आबा त्या नक्षीकडे बघत उभे राहिले. मला वाटलं आता हे पडतात, म्हणून मी दंड धरला. त्यांचा चेहरा मी आयसीयूतही एवढा उतरलेला पाहिला नव्हता.

"चला," ठमाबाई म्हणाली. "पाखरू ताटकललंय."

रस्त्यावर आलो तेव्हा विपुल बांधाच्या अगदी टोकावर उभा होता, एक पाय आत टाकायच्या बेतात. "काय, काकी?"

"अंडी हायेत," ठमाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "टिटवीचीच हायेत. मानूस खरा बोलतो. जाव द्या त्याला."

गर्दीतून एक सुस्कारा निघाला. मला तो अजून ऐकू येतो. ज्यांनी कोयते धरले होते त्यांनाच जास्त हलकं वाटलं असणार. कॅमेरा आबांच्या हातात आला. विपुलने चावी माझ्यापुढे धरली. पण त्याचं लक्ष काकीकडे होतं.

"सगली धड हायेत ना?" त्याने विचारलं.

"एक फुटला," ठमाबाई म्हणाली. "माज्या पायाखाली गेला. मला मेलीला दिसत न्हाय."

कोणीतरी बाई "अगं आई" म्हणाली. विपुलची नजर काकीच्या हाताकडे गेली. मी चावी घेतली आणि मनात म्हटलं, देवा, या बाईचं भलं कर. तिने का केलं, ते मला तेव्हाच कळलं. नुकतं कुठे शांत होत असलेलं गाव, त्यात शेठच्या बुटाखाली अंडं फुटलं म्हटलं असतं, तर पुन्हा आग. आजारी माणूस, बाईमाणूस बरोबर, जाऊ दे, असा तिने विचार केला असणार. मी गाडीचं दार उघडलं, आबांना आत ढकलायलाच निघाले होते.

आबा बसले नाहीत. दाराला हात लावून उभे राहिले.

"आबा, बसा," मी दातांत म्हणाले.

"बाय खोटा बोलते," आबा म्हणाले. मोठ्याने, केसरीशेठच्या आवाजात. सगळे वळले. "त्यांच्या पायाखाली न्हाय फुटला. माज्या बुटाखाली फुटला. जाऊन बगा, बुटाची छाप हाय. खुंट्या मीच मारल्या, न इचारता मारल्या. म्हून तुमी त्या उपटल्या, आनि खुंट्या न्हवत्या म्हून माजाच पाय परला. त्या बायचा काय दोस न्हाय."

मी डोळे मिटले. खरंच मिटले. आता काय येतं, दगड येतो की शिवी येते, एवढंच वाटलं. चांगला सुटलेला माणूस स्वतःच्या पायाने परत आत गेला होता, आणि मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं.

काहीच आलं नाही. डोळे उघडले तर विपुल आबांच्या बुटांकडे बघत होता.

ठमाबाई दोन पावलं पुढे आली, आबांच्या समोर.

"बरा झाला बोललास," ती म्हणाली. "मग यंदाची पयली मूठ माजीच."

आबांनी तिला हात जोडले. विपुल ट्रॅक्टर बाजूला घ्यायला गेला.